सोफेवाल्यांचं ऑपरेशन

सोफ्याची जुनी कातडी सोलायची नवऱ्याने, नवी शिवायची बायकोने, असं त्या दुकानाचं लग्नापासून चाललेलं. बाजारात नवऱ्याला सगळे नुसतं सोफेवाले म्हणत. दुकानाचा एक अलिखित कायदा होता: गिऱ्हाइकासमोर जो आधी बोलेल, त्याचा शब्द राहायचा. सोफेवाले म्हणाले स्प्रिंगा बदला, की बदलायच्या. बायको म्हणाली हाच रंग घ्या, की तोच. दुसऱ्याने पटो न पटो मिठाची गुळणी धरायची आणि भांडण घरी जाऊन करायचं. घरी मग ते यथासांग व्हायचं. या कायद्यावर दुकान झकास चाललं. तो कायदा दवाखान्यात न्यायचा नसतो, एवढं मात्र दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

सोफेवाल्यांच्या रक्तातला कसलासा आकडा वाढला होता. मग प्रोस्टेट ग्रंथीचा तुकडा काढून तपासला आणि कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या.

"काका, लवकर सापडलाय. ग्रंथीच्या बाहेर गेलेला नाही," त्या म्हणाल्या. "कॅन्सर अगदी संथ असता तर नुसतं लक्ष ठेवलं असतं. तुमचा तसा नाही. किरणं देता येतील, नाहीतर ऑपरेशन."

"ऑपरेशन," सोफेवाले म्हणाले. गाठ घेऊन घरी बसायची कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती.

त्याचेही दोन प्रकार निघाले. एक, पोटावर खाली सरळ चीर देऊन. दुसरा, बारीक भोकांतून आत घातलेल्या रोबोटच्या हातांनी. दुसऱ्यात रक्त कमी जातं, माणूस लवकर उठतो. पण ग्रंथी दोन्हींत अख्खीच निघते, आणि यंत्रापेक्षा ते चालवणाऱ्याचा हात महत्त्वाचा. नंतर काही दिवस लघवीसाठी नळी, मग काही महिने लघवी गळणार. बहुतेकांची हळूहळू थांबते. सोफेवाल्यांनी रोबोट पसंत केला. इथपर्यंत ठीक होतं.

"आता नसांचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ग्रंथीच्या दोन्ही अंगांना नसा असतात. नवरा-बायकोचं सुख त्यांच्यावर असतं. तुमची गाठ उजवीकडे आहे, तिकडची नस काढावी लागेल. डावीकडची वाचवून बघता येईल. पण तिच्या कडेला कॅन्सरचा अंश राहण्याचा थोडा धोका असतो. आणि वाचली तरी उपयोग होईलच असं नाही. काय करायचं ते दोघांनी ठरवून सांगा."

सोफेवाल्यांचे कान लालबुंद झाले. पोरीएवढ्या बाईच्या तोंडून हे ऐकायचं, तेही बायकोला शेजारी बसवून! काहीतरी बोलून यातून सुटावं म्हणून ते बोलून गेले, "काढून टाका सगळं. या वयात आम्हाला काय करायचंय?" आणि हसले. इतकं खोटं ते आयुष्यात हसले नव्हते. बायको 'अहो, थांबा' म्हणेल म्हणून त्यांनी तिरक्या नजरेने पाहिलं. ती खुर्चीच्या फाटक्या कडेतून डोकावणारा फोम बोटाने आत सारत होती.

घरी जाऊन भांडण होईल, याची ते वाट बघत राहिले. झालं नाही. बायको दोऱ्यांबद्दल बोलली, कापडाबद्दल बोलली, तिने नळीसाठी सैल पायजमे शिवायला घेतले. सोफेवाल्यांच्या मनाने घेतलं की हिलाही तेच हवंय, सुटली बिचारी. कॅन्सर ऐकून ते जेवले होते, पण या विचाराने त्यांच्या घशाखाली घास उतरेना. विचारायची हिंमत होत नव्हती. चिडचिड मात्र भरपूर होत होती, आणि ती बायकोवरच निघत होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सही घ्यायच्या आधी पुन्हा विचारलं, "दोन्हीकडच्या नसा काढायच्या. बरोबर ना?"

"हो," सोफेवाले म्हणाले.

"नाही," बायको म्हणाली.

परक्या माणसासमोर तिने नवऱ्याचा शब्द कधी खोडला नव्हता.

"मला विचारलं नाहीत तुम्ही. 'आम्हाला काय करायचंय' म्हणे! माझ्या वतीने तुम्हाला कोणी बोलायला सांगितलं होतं?"

"मग घरी का नाही भांडलीस?"

"काय भांडू? मला वाटलं, तुम्हाला मीच नकोशी झालेय. नकोशा बाईने कशाच्या जोरावर भांडायचं?"

इतके दिवस आपण एकटेच झुरतोय, अशी सोफेवाल्यांची समजूत होती. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "काकू, मी खात्री देऊ शकत नाही. आत गेल्यावर डावीकडेही गाठ चिकटलेली वाटली, तर ती नसही काढावी लागेल."

"मग काढा. मला माणूस घरी हवाय," बायको म्हणाली. "पण न बघता कापू नका."

"काका, तुम्ही?"

सोफेवाल्यांनी होकारार्थी मान हलवली. मग डॉक्टरीणबाईंच्या देखत त्यांनी बायकोचा हात धरला.

"मला भीती वाटतेय गं," ते म्हणाले.

"मलाही," ती म्हणाली.