अल्बमवरून खोडलेलं नाव

माझ्या मुलीचं नाव एका रॉक अल्बमवरून मी स्वतः जाऊन काढायला लावलं. चकल्यांचा डबा देऊन. एका दुपारात एवढा मूर्खपणा उरकायला अंगात कसब लागतं, आणि तेव्हाच्या माझ्यात ते भरपूर होतं.

मँचेस्टरला आमच्यापासून तीन घरं सोडून एक गोरा मुलगा राहायचा. गाणी स्वतःच लिहायचा, स्वतःच गिटार घेऊन किंचाळायचा. त्याचा पहिला अल्बम त्याच्या गॅरेजमध्ये रेकॉर्ड झाला. माझी लेक तेव्हा मेडिकलला होती. शेवटच्या गाण्याचा उत्तरार्ध तिने एकटीने गायलाय, हे मला सीडी छापायला जायच्या जेमतेम आधी कळलं.

आता तेव्हाची मी, ही पंचेचाळिशीची शहाणी बाई बघा. नवरा हॉस्पिटलात कन्सल्टंट, स्वतः महाराष्ट्र मंडळाची सेक्रेटरी, लेकीचा बायोडेटा नुकताच केंब्रिजमधल्या एका संशोधकाच्या आईकडे गेलेला. तो संशोधक आपलं संशोधन बाजूला ठेवून कुठल्याशा पोराच्या सीडीवरची बारीक अक्षरं भिंगातून वाचणार, अशी बाईंची खात्री!

बाई डबा घेऊन गेल्या. दारातच म्हणाल्या, "आमच्यात हे चालत नाही."

पोराने विचारलं, "पण तिला चालतं ना?"

"तिचं मी बघते."

नाव गेलं. लेक भांडली नाही. सीडी आली तेव्हा तिने ती माझ्यासमोर ठेवली. बाईंनी पहिलंच गाणं अर्ध्यात बंद केलं, "डोकं उठलं" म्हणाल्या आणि सीडी ड्रॉवरमध्ये टेकअवेच्या मेनूंखाली सारली.

संशोधक आला. साबुदाणा वडे हाणले, दुसरीशी लग्न केलं. सुटलो. वडे संपेपर्यंत त्याने बशीतून मान वर केली नव्हती.

आता त्या अल्बमची नवी आवृत्ती निघतेय. नातीच्या म्युझिक टीचरला तो पाठ आहे म्हणे. गायकाने कुठल्याशा मुलाखतीत लेकीचा 'शेजारची डॉक्टर' असा उल्लेख केला, तर परवा हळदीकुंकवाला मंडळाच्या बायका मलाच विचारतात, "अहो, ती गाणारी तुमचीच ना? बोलला नाहीत कधी!" चहात साखर किती घ्यायची तेसुद्धा या बायका शेजारणीकडे बघून ठरवतात, आणि यांच्या मताला मी घाबरायचे!

गेल्या रविवारी त्या गायकाचा लेकीला फोन आला. या वेळी नाव घालू का, म्हणून. ती "कळवते" एवढंच म्हणाली.

तिने फोन ठेवायच्या आत मी सुरू. "कळवते काय? घाल म्हणावं! मोठ्या अक्षरात. पुढे डॉक्टर लावायला सांग. आणि मंडळाच्या ग्रुपवर मी आजच टाकते."

ड्यूटीला निघालेली ती. कोटाची बटणं लावता लावता थांबली.

"आई, तेव्हा काढलंस मंडळासाठी, आता घालायचं तेही मंडळासाठीच. ते गाणं आधी शेवटपर्यंत ऐक. मग विचार मला, मी काय ठरवलंय ते."