राबाच्या धुरातली पेटी

आमच्या पुतळीकाकीला कुणी काही सांगितलं की ती आधी "नाय" म्हणते, मग ऐकते. मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून हेच बघतेय. अख्ख्या निडी गावात मधमाश्या पाळणारी ती एकटी बाई. पेट्या दोनच. एक विकत घेतलेली, आणि दुसरी तिच्या जिवाची. तिच्यातल्या माश्या काकीनं स्वतः आंब्याच्या ढोलीत हात घालून काढल्या होत्या. तेव्हा गाव हसलं होतं. काका तर अजून चिडवतात, "हिला माणसं कमी पडली, म्हणून माश्यांवर ओरडते."

वालाला फुलं आली की काकी पेट्या शेताच्या बांधावर नेते आणि वाल काढून झाला की घरामागं आणते. यंदा आंब्याच्या ढोलीतल्या माश्यांची पेटी बांधावरच राहिली. एप्रिलात राब भाजायचा होता. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण आणि पाला पसरून पेटवतात, तो राब. काडी काकीनंच ओढली. वारा फिरला आणि धूर सरळ पेटीवर गेला. माश्या भसाभस बाहेर पडल्या. संध्याकाळी आल्या परत, पण निम्म्याच.

वीस दिवसांनी पेटी उघडली. मधमाशीचं अंडं म्हणजे रव्याच्या कणाएवढं, काकीला चष्म्यातूनही दिसत नाही. म्हणून बघायचं काम माझं.

"नाय काकी. एक पण अंडं नाय."

काकीनं चष्मा काढला. "राणी गेली गो नमिता. माझ्या हातानं घालवली."

पेटी विसरली म्हणून मी तिला चांगलं सुनावणार होते. पण तिचं तोंड बघून आधी पेटीचं झाकण लावलं.

रोह्याच्या निलेशनं तिला हे काम शिकवलंय. तो फोनवर म्हणाला, "काकी, मे लागला. आता नर माश्या संपत आल्या. नवी राणी झाली तरी पावसाआधी फळायची कशी? उरलेल्या माश्या दुसऱ्या पेटीत जोडून टाका."

"नाय," काकी म्हणाली.

"बरं, मग आधी खात्री करा. चांगल्या पेटीतलं अंड्यांचं एक पोळं यात ठेवा आणि चार दिवसांनी त्यावर राणीघर, म्हणजे नवी राणी वाढवायचं लांबट घर, दिसतं का बघा."

चार दिवस काकीनं देव पाण्यात घातले. पाचव्या दिवशी मी पोळं उचलून उलटंपालटं केलं. राणीघर कुठंच नव्हतं.

"बघ, राणी करायची पण उमेद नाय ऱ्हायली त्यांना," काकी म्हणाली आणि पेट्या जोडताना मधे घालतात तो जुना पेपर आणायला घरात गेली. मी निलेशला कळवायचं म्हणून फोन लावला, तर तो ओरडलाच.

"अहो वहिनी, थांबवा त्यांना! राणीघर बांधलं नाय म्हणजे आत राणी हाय! जुनी गेल्यावर त्यांनीच नवी केली असणार. दोन राण्या एका पेटीत आल्या तर एक मेलीच समजा!"

"मग अंडी कुठायत?"

"अजून कोवळी हाय ती. बाहेर उडून नर मिळाला पायजे. आठ दिवस पेटीला हात लावू नका."

मी धावत जाऊन काकीच्या हातातला पेपर हिसकावला. असली घाबरले होते मी! अजून अर्ध्या तासात पेट्या जोडून झाल्या असत्या.

आठ दिवस म्हणजे काकीला शिक्षाच. ऊन तापलं की नवी राणी उडते म्हणे, म्हणून ती दुपारचं जेवण टाकून पेटीपासून दहा हातांवर बसायची. दक्षिणेकडे ढग जमलेले दिसले की त्यांना शिव्या. माश्या खाणारा पक्षी आला की त्याला दगड. काका डबा घेऊन कंपनीत शिफ्टला जाताना हसायचे, पण त्यांनीच तिथं तिच्यासाठी ताडपत्री बांधून दिली.

नवव्या दिवशी मी त्या पेटीतलं मूळचं पोळं उन्हाकडे धरलं. आधी काही दिसेना. मग मान जरा तिरकी केली, तर घराघराच्या तळाशी एकेक पांढरा कण उभा. प्रत्येक घरात एकच, राणी घालते तसं.

"काकी, हायत!"

"किती?"

"लय हायत. मोजायचं कशाला?"

"मला दिसत नाय ना गो. तू मोज, मी ऐकते."

मी एक, दोन, तीन करत मोजायला लागले. काकीनं डोळे मिटून घेतले. मी शंभरच्या पुढं गेले, तरी ती थांब म्हणाली नाही.