पंधरावं नाव

सरांचं खरं आडनाव कॉलेजात फक्त पगारपत्रकाला माहीत होतं. पोरांच्या तोंडी ते ‘आराखडे सर’. एका पालकानं तर पाकिटावर ‘श्री. आराखडे’ असंच लिहून पत्र धाडलं होतं, आणि शिपायानं ते बिनचूक त्यांच्या टेबलावर आणून ठेवलं!

नाव पडलं ते त्यांच्या एका खोडीमुळे. शिकवायचे संख्याशास्त्र, पण पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात शिकवायचेच नाहीत. मोठाले कागद वाटायचे आणि म्हणायचे, “तीन वर्षांचा आराखडा काढा. कुठल्या वर्षी कुठले विषय, सुट्टीत काय काम करणार, आणि शेवटी कुणाच्या दारात जाऊन उभे राहणार. पेन्सिलीनं काढा, माणूस बदलतो.” मग एकेकाला समोर बसवून विचारायचे, “हा विषय का घेतलास?” मित्रानं घेतला म्हणून, असं कुणी म्हणालं की संपलंच. “मित्र जेवला की तुझं पोट भरतं का रे?” असं म्हणून कागद परत करायचे.

त्यामागे एक जुनी ठसठस होती. सर स्वतः ह्या विषयाला आले ते रांग लहान होती म्हणून. हसू नका, खरंच. त्यांना पूल बांधायचे होते. प्रवेशाच्या दिवशी त्या खिडकीसमोर शंभरेक माणसं, आणि ह्या खिडकीसमोर चौघं, तेही सावलीत. ऊन मी म्हणत होतं. सर सावलीत जाऊन उभे राहिले आणि तिथेच जन्म गेला. बायको अजून टोमणा मारते, “माझ्या दारातही रांग नव्हती, म्हणून आलात वाटतं!”

दोन वर्षांपूर्वी एका मुलीनं आराखडा शाईनं काढून आणला. सर म्हणाले, “अगं, पेन्सिलीनं म्हटलं होतं ना?” ती म्हणाली, “मी नाही बदलणार, सर.” तेव्हापासून ती ‘शाईवाली’. तिच्या गल्लीत तापाची साथ आली होती, नऊ माणसं गेली, त्यांत तिचा बाप. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. पोरीला एकच जाणून घ्यायचं होतं, साथ आज इथे असेल तर उद्या कुठे जाईल हे आधी मोजता येतं का? सर म्हणाले, येतं. त्याची एक संस्था आहे. पण तिसऱ्या वर्षाचा ‘विशेष संख्याशास्त्र’ हा पेपर गुणपत्रिकेवर असल्याशिवाय तिथे दारातही उभं करत नाहीत. तिच्या कागदावर तो विषय लिहिलेल्या चौकोनावर बोट ठेवून सर म्हणाले, “हा मी शिकवतो. मी आहे तोवर हा विषय आहे, काळजी करू नकोस.”

आता असं बोलू नये माणसानं, पण बोलून गेले.

पोरगी कागदाबरहुकूम चालली. दोन्ही सुट्ट्या तिनं आरोग्य खात्याच्या ऑफिसात जुन्या नोंदवह्या उतरवण्यात घालवल्या. आणि तिसरं वर्ष सुरू होताना फलकावर सूचना लागली, ऐच्छिक विषयाला पंधरापेक्षा कमी नावं आली तर तो विषय यंदा बंद. मुदत शनिवारी दुपारी बारापर्यंत. आजवर सरांनी हा पेपर सहा जणांनासुद्धा शिकवला होता. यंदा यादीत नावं होती अकरा.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य माणूस भला, चहा पाजला, आणि म्हणाले, “वरून आलंय. माझ्या हातात असतं तर मी तुम्हाला इथे बसवलं असतं का?” हेडक्लार्क म्हणाला, “सर, मी फक्त मोजतो. चौदा आले तर चौदा लिहीन.” बाहेरून हा पेपर द्यायची सोय नव्हती. पुढच्या वर्षी तरी विषय सुरू होईल ह्याची हमी द्यायला कुणी तयार नव्हतं.

शाईवाली मात्र हात बांधून बसली नाही. वर्गाबाहेर, जिन्यात, सायकलतळावर एकेकाला गाठून तिनं तिघं जमवली. त्यांना हा काय नि तो काय, सगळं सारखंच होतं. शुक्रवारी संध्याकाळी आकडा झाला चौदा. रात्री सरांना अन्न गोड लागलं नाही. पंधरावं कोण, पंधरावं कोण, एवढंच डोक्यात.

शनिवारी साडेअकराला ते पंधरावं नाव स्वतःच्या पायांनी त्यांच्या खोलीत आलं.

तो वर्गातला सगळ्यांत मोठा विद्यार्थी. वय तीस, गोदामाची गाडी चालवायचा, घरी बायको आणि तान्हं मूल. पोरं त्याला ‘गाडीवाले दादा’ म्हणायची. चार वर्षांपूर्वी सरांच्या घरी कपाट पोहोचवायला आला होता. सरांनीच त्याला पाठीमागे लागून कॉलेजात घातलं. त्याचाही आराखडा होता. तिसऱ्या वर्षी संगणकाचा पेपर केला की गोदामाचा मालक त्याला गाडीवरून उतरवून मालनोंदीच्या टेबलावर बसवणार होता. कमरेचं दुखणं आता त्याला धड गाडी चालवू देत नव्हतं. आणि संगणकाचा पेपर आणि सरांचा पेपर, दोन्हींचा तास एकाच वेळी.

त्यानं फॉर्म पुढे केला. “सर, तुमच्या विषयाला एक नाव कमी पडतंय म्हणे. माझं टाकतो.”

“आणि मालनोंदीचं टेबल?”

“बघू की, सर. तुमच्यामुळे तर इथे बसलोय. तुम्ही सांगाल ते घेतो.”

काय सांगू तुम्हाला, त्या क्षणी सरांना फक्त ‘बरं’ म्हणायचं होतं. एवढंच. घड्याळात अकरा छत्तीस झाले होते. तो उभ्या उभ्याच एक हात कमरेवर दाबत होता.

“संगणक घे,” ते म्हणाले. “जा, उशीर करू नकोस.”

तो गेला. सर खुर्चीत बसून राहिले. आपण बरोबर केलं, असं मनाशी चारदा म्हणून पाहिलं, पण मन काही ऐकेना.

बारा वाजून दहा मिनिटांनी शाईवाली आली. धावत आली होती. “सर, गाडीवाले दादा आले होते ना? मीच पाठवलं होतं त्यांना.”

“आले होते.”

“मग चौदाच कसे?”

“मी नको म्हणालो.”

ती दाराला धरून उभी राहिली. “ते तयार होते, सर. मी त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांचं नुकसान होईल, हेही सांगितलं. तरी हो म्हणाले ते.”

“त्याच्या जागी तू असतीस तर मी तुलाही असंच सांगितलं असतं.”

“मी त्यांच्या जागी नाहीये ना, सर. मी माझ्या जागी आहे.”

सव्वीस वर्षं ह्या खोलीत सर पोरांना पुढची वाट सांगत आले होते. आज मात्र माफी मागावी असं वाटलं, पण कशाची मागणार? तिला खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

तिनं पिशवीतून फॉर्म काढला. विषय बंद पडलेल्यांना दुसरा विषय भरून द्यायला साडेबारापर्यंत वेळ होता. तिनं तो टेबलावर ठेवला.

“उरलेले कुठले कुठले आहेत?”

सरांनी तीन विषयांची नावं वाचून दाखवली. कशातून पुढे काय होतं, तेही सवयीनं सांगू लागले. तिनं मध्येच थांबवलं.

“काहीही लिहा, सर. तुम्हीच लिहा.”

सरांनी लिहिलं. तिनं वाचलंसुद्धा नाही. खाली सही केली आणि फॉर्म घेऊन ऑफिसच्या खिडकीकडे निघून गेली.