दारातली चप्पल आणि बर्फावरची फटफटी

आमच्या मेसमध्ये जेवून गेलेली पोरं आता कुठकुठं साहेब झालीत. भेटली की एक गोष्ट हमखास सांगतात. "काकू, तुमचं दार कधी बंद नसायचं. क्लास कितीही उशिरा सुटो, यायचं आणि जेवायचं." माझ्या मोठ्या मनाचं असं लातूरभर कौतुक झालं आणि मीही ते गोड मानून घेतलं. फुकट मिळतंय ते कोण सोडतं? पण मोठं मन वगैरे काही नव्हतं हो. मला दार लावायची भीती वाटायची.

भूकंप झाला तेव्हा नुकतंच लग्न होऊन मी औशाला आले होते. माहेर किल्लारीच्या अलीकडे, दगडमातीच्या घरांचं गाव. बऱ्याच महिन्यांपासून तिथं जमिनीखालून गुरगुरल्यासारखे आवाज यायचे. लोक आधी घाबरले, शेतात जाऊन झोपले, मग कंटाळून परत घरात आले. "रोजचंच हाय ते," असं आई म्हणायची. भूकंपाच्या रात्री ती गणपती बोळवून आली आणि आत कडी लावून झोपली. माझा भाऊ अंगणात बाजेवर होता म्हणून वाचला. आतून कडी होती, दार निघालंच नाही, एवढंच त्यानं मला सांगितलं. त्यानंतर त्या विषयावर आम्ही दोघं कधी बोललो नाही.

तेव्हापासून मी घराला कडी लावली नाही. तसं त्या वर्षी आमच्याकडे सगळेच चमत्कारिक वागत होते. घरोघरी उशाशी तांब्या पालथा घालून त्यावर पेला ठेवायचे. जमीन हलली की पेला पडेल, आवाज होईल आणि जाग येईल. पुढं लोकांचे पेले फडताळात परत गेले. माझा मात्र उशाशीच राहिला. मग आम्ही लातूरला आलो, आणि बघता बघता लातूरच्या गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या लागल्या. खेड्यापाड्यांतून, पार मुखेडहून, पोरं यायला लागली. पोरं आली म्हणजे त्यांची पोटं आली. मी डबे सुरू केले. मोपेडला दोन्ही बाजूंनी पिशव्या, पुढं पायाशी वरणाचा डबा, आणि होस्टेलखाली उभं राहून बेंबीच्या देठापासून हाळी द्यायची, "डबा आला रे!" खड्डे, डुकरं, पाण्याचे टँकर, सगळ्यांतून वाट काढली, पण वरणाचा थेंब सांडू दिला नाही. मेसचं दार रात्रंदिवस उघडं असायचं. एकदा चोरानं आमचे दोन्ही कुकर नेले तरी मी कडी लावली नाही. आमचे हे म्हणाले, "पुढच्या वेळी त्याला जेवूनच जा म्हणावं."

त्याच मेसच्या फरशीवर अभ्यास करून माझी लेक शिकली आणि शिकत शिकत थेट फिनलंडच्या उत्तर टोकाला, तिथल्या विद्यापीठात नोकरीला लागली. नवरा नांदेडचा मिळाला. आता तिला सातवा महिना लागला होता आणि बाळंतपण माझ्याकडे होतं. यांच्या गळ्यात मेस घालून, सुंठ, डिंक, अळीव आणि उशाशी ठेवायचा तांब्या-पेला घेऊन मी भर हिवाळ्यात तिथं पोचले.

तिथल्या दारांची एक खोड आहे. ती ओढली की आपोआप लागतात. म्हणून पहिल्याच दिवशी सगळे झोपल्यावर मी माझी रबरी चप्पल दाराच्या फटीत अडकवली आणि शांत झोपले. सकाळी बघते तर दारापाशी बर्फाचा ढीग, जावयाचे बूट पांढरेफटक आणि चप्पल वाळल्या भाकरीइतकी कडक.

"आई, इथं भूकंप होत न्हाई," लेक म्हणाली.

"किल्लारीला तरी कुठं होत होता?" मी म्हणाले.

ती चप्पल काढायची, मी परत अडकवायची. असं बरेच दिवस चाललं. मग एका सकाळी ती स्वयंपाकघरात पोटावर हात ठेवून बसली आणि न चिडता बोलली. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"आई, बाळ आल्यावर हे न्हाई चालायचं. बाहेर एवढी थंडी असते की उघड्या दारात बाळ टिकणार न्हाई. तुला जमत नसंल तर तू परत जा. मी बघते माझं. राग न्हाई."

आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीच्या फटींत चिंध्या कोंबतात, पडदे लावतात, वाऱ्याची झुळूकसुद्धा येऊ देत नाहीत. गल्लीतल्या किती लेकीसुनांच्या खोल्यांना मी स्वतः चिंध्या कोंबल्या होत्या. आणि माझ्याच लेकीच्या बाळाला वारा लावणारी मीच. हे मला दिसत होतं, पटत होतं, आणि अंधार पडला की हात पुन्हा त्या चपलेकडे जात होता. लेकीचं पहिलं बाळंतपण सोडून परत जायचं, की राहायचं? माझं मलाच कळेना.

मन रमावं म्हणून जावयानं बर्फावरच्या गाडीची सहल ठरवली. पुढं वाटाड्या आणि मागं आपण, अशी जंगलातून रपेट. लेकीला त्या अवस्थेत जाता येणार नव्हतं, तेव्हा सासू आणि जावई असे दोघंच निघालो. तिथं त्यांनी अंगावर एवढा जाड सूट चढवायला सांगितला की साडीचा प्रश्नच मिटला. लेकीची विजार घातली, वर सूट, वर हेल्मेट. आरशात पाहिलं तर गव्हाचं पोतं उभं होतं.

वाटाडी एक उंच, तरुण पोरगी होती. तिनं गाडी दाखवली. पुढं दोन पट्ट्या, मागं रणगाड्यासारखा पट्टा आणि मध्ये लांब सीट. तिनं खुणेनं सांगितलं की हा चालवेल, तुम्ही मागं बसा आणि याला घट्ट मिठी मारा.

आता सांगा, जावयाला मिठी? आमच्या आईनं जावयासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही आणि मी त्याच्या कमरेला विळखा घालून रानावनातून फिरायचं? जावईही लाजून लालबुंद झाला होता. तो बिचारा बर्फाकडे बघत होता.

"जावईबापू, माझी गाडी मी चालवते. तुम्ही तुमची घ्या."

"आई, ही मोपेड न्हाई."

"कामून? तुमच्या नांदेडला मोपेड येगळी असते का?"

लातूर-नांदेडचा विषय निघाला की आम्हा दोघांनाही चेव येतो. पण इथं भांडण रंगायच्या आत पोरीनं परवाना मागितला. तो माझ्या पर्समध्ये होताच. लातूरच्या चौकात इतक्यांदा दाखवलाय की त्याचे कोपरे झिजलेत. तिनं तो उलटसुलट पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि गाडी माझ्या हवाली केली. उजव्या हाताच्या अंगठ्यानं वेग, डाव्या हातात ब्रेक. बास. ना क्लच, ना गिअर, ना वरणाचा डबा.

पहिल्यांदा अंगठा दाबला तशी गाडीनं अशी उडी मारली की मी सूर्यदेवाला नमस्कारच केला. तोही तिथं जेमतेम क्षितिजावर डोकं काढतो आणि लगेच कंटाळतो. पण थोड्याच वेळात हाताला हिशोब कळला. वळताना अंग कुठं टाकायचं, चढावर अंगठा कधी दाबायचा, उतारावर कधी सोडायचा. हातातली मूठ आतून गरम होती; हे सुख लातूरच्या मोपेडला नव्हतं. दोन्ही बाजूंना झाडं बर्फानं वाकलेली. एके ठिकाणी रेनडिअरचा कळप वाटेतच उभा होता. पोरगी थांबली, जावई थांबला. मी मात्र सवयीनं हॉर्न शोधू लागले. आमच्या लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात म्हशींना कुणी थांबून वाट देत नाही. आतापर्यंत मी इतकी खूश होते की चप्पल, दार, परत जायचं की राहायचं, सगळं विसरले होते.

मग जंगल संपलं आणि तळं आलं. तळं कसलं, डोळा पोचेल तिथवर पांढरं सपाट माळरान. पोरीनं सांगितलं की याच्यावरून ट्रकसुद्धा जातात. जावयानं ते मला मराठीत सांगितलं. मी मनात म्हटलं, लातूरला आठवड्यानं नळ येतो आणि यांनी एवढं पाणी नुसतं गोठवून ठेवलंय. मध्यावर पोचल्यावर तिनं हात वर केला आणि आम्ही इंजिनं बंद केली. तिला आम्हाला तिथली शांतता ऐकवायची होती.

आणि पायाखालून आवाज आला. लांबून सुरू झाला, गुरगुरत माझ्या खालून गेला आणि पलीकडे काठाला जाऊन विरला. परत आला. तोच आवाज. लग्नाआधी वर्षभर मी माहेरी ऐकलेला, पोटात शिरणारा आवाज. पोरगी हसत काहीतरी सांगत होती. थंडी वाढली की बर्फ जाड होतो आणि असा बोलतो, चांगली खूण आहे ही, असं जावयानं सांगितलं. मला आईचं वाक्य ऐकू आलं, रोजचंच हाय ते. माझे हात मुठीवरून सुटले. मी गाडीवरून उतरले आणि पळायला वळले.

वळले, आणि कळेना पळायचं कुठं. इतकी वर्षं दार उघडं ठेवलं ते उघड्यावर पळता यावं म्हणून. आणि इथं मी उघड्यावरच तर उभी होते. भिंत नाही, माळवद नाही, डोक्यावर पडेल असा एक दगड नाही. याच्याहून जास्त बाहेर कुठं असतं? आवाज परत आला, गेला. मी उभीच होते, माझं काही पडलं नाही. आणि त्या मोकळ्या माळावर, जिथं मला सगळ्यात सुरक्षित वाटायला हवं होतं, तिथं मला एकच गोष्ट हवीशी वाटली. घरात जावं, लेकीजवळ बसावं, आणि तिला वारा लागू नये म्हणून दार लावून घ्यावं. आईनंही थंडीवाऱ्याचं दार लावलं होतं, यात तिचं काय चुकलं? सगळीच माणसं लावतात. मी हेल्मेटच्या आत रडले, आणि अश्रू गोठायला लागले तसं हसूही आलं.

"आई, माझ्या मागं बसता का? काय हरकत न्हाई," जावई जवळ येऊन म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

"मागं बसायला मी काय डबा हाय?" मी म्हणाले. "चला. लेक वाट बघून राहिली आसंल."

मी पोरीला खूण केली. तिनं समोर काठावरचं खोपटं दाखवलं, तिथवर सरळ वाट मोकळी होती, आणि पुढं जायची मला परवानगी दिली. मी अंगठा दाबला तो सोडलाच नाही. खालून बर्फ गुरगुरत होता, वरून मी. वारा हेल्मेटवर आपटत होता, जावई मागं, त्याच्या मागं पोरगी, आणि सगळ्यांच्या पुढं लातूरची मेसवाली. काठ जवळ आला तशी मी गाडीवर अर्धवट उभी राहिले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "डबा आला रे!" तिकडच्या रानानं ती हाळी परत पाठवली. असा आनंद मला लेकीच्या बारावीच्या निकालालासुद्धा झाला नव्हता.

खोपटात शेकोटीपाशी बसून आम्ही घरून नेलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. पोरीनं चटणी चाखली, डोळ्यांत पाणी आणलं आणि परत मागितली. जावई म्हणाला, "आई, मानलं. लातूर पुढं हाय." हे नांदेडकराच्या तोंडून ऐकायला मी फिनलंडपर्यंत गेले, हेही वसूल झालं.

घरी पोचलो तेव्हा दुपारच होती, पण बाहेर काळोख पडला होता. लेक आत चहा टाकत होती. जावई बूट काढून पुढं गेला. मी उंबऱ्याशी थांबले. चप्पल तिथंच होती, दाराशेजारी, रोजच्या जागी. मी ती उचलली, झटकली आणि बुटांच्या मांडणीवर ठेवली. मग दाराची मूठ धरली. ओढलं. खट्.

लेक धावत बाहेर आली, पोट सावरत. "आई? दार कुणी लावलं?"

"मी. बाळंतिणीच्या घरात वारा नको." मी जाड कोटाची चेन उघडत म्हणाले. "चहा झाला का? आन् माझ्या उशाचा पेला हाय बघ, त्यातच वत."

ती पेला आणायला गेली नाही. तिथंच दाराला पाठ टेकून उभी राहिली आणि रडायला लागली. आईच्या हातानं दार लागल्याचा आवाज तिनं जन्मात पहिल्यांदा ऐकला होता.