स्कार्फ बांधून नवऱ्याच्या मागे

नवरा निवृत्त झाल्यावर काय काय होतं, याबद्दल मैत्रिणींनी मला भरपूर सावध केलं होतं. स्वयंपाकघरात लुडबूड, फ्रिजची तपासणी, कामवाल्या बाईला उपदेश. नवरा नाटकात शिरेल आणि तिथे दुसऱ्या बाईवर प्रेम करील, हे मात्र एकीनेही सांगितलं नव्हतं.

हौशी मंडळींचं नाटक होतं. तालमी संध्याकाळी, गंगापूर रोडवरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये. कॉलेजात शिकवणाऱ्या एका तरुण मुलीने इटलीतलं चार-पाचशे वर्षांपूर्वीचं प्रहसन मराठीत आणलं होतं, दिग्दर्शनही तिचंच. गोष्ट अशी, की एक उतारवयाचा व्यापारी शेजारच्या विधवेच्या नादी लागतो. बायकोला कुणकुण लागते. ती मुखवटा चढवून त्या विधवेच्या जागी बागेत जाऊन उभी राहते. हा बाबा स्वतःच्या बायकोला ओळखत तर नाहीच, वर तिला अशा गोड गोष्टी ऐकवतो, ज्या लग्नाच्या बायकोने जन्मात ऐकलेल्या नसतात. शेवटी मुखवटा निघतो, सगळे हसतात, माफीनामे होतात आणि गाणंबजावणं सुरू होतं. व्यापाऱ्याचं काम माझ्या नवऱ्याला मिळालं.

दिग्दर्शिका एकदा घरी आली तेव्हा मी तिला म्हटलं, "अगं, इतका मठ्ठ नवरा असतो का? आणि ती बायको एवढं सगळं ऐकून शेवटी हसते कशी?"

"काकू, त्या काळच्या नाटकांत माणसं वेष बदलला की खरं बोलतात," ती म्हणाली. "आणि मुखवटा आपल्याकडे परका वाटतो, म्हणून मी बायकोला स्कार्फ दिलाय. आपण गाडीवर बांधतो ना, तसा."

कल्पना चांगली होती, हे मान्य करायला हवं. नाशिकच्या उन्हात दुपारी रस्त्यावर बाई दिसतच नाही. दिसतो तो डोक्यापासून गळ्यापर्यंत घट्ट गुंडाळलेला स्कार्फ, त्यावर गॉगल आणि हातात कोपरापर्यंत मोजे. सख्खी जाऊबाई शेजारून गेली तरी कळत नाही. पण माझ्या डोक्यात राहिलं ते तिचं पहिलं वाक्य. वेष बदलला की माणसं खरं बोलतात, तर मग माझा नवरा व्यापारी होऊन जे बोलतो ते काय आहे?

सुरुवातीला तो घरीच पाठांतर करायचा. मी पोळ्या लाटत असताना ओट्यापाशी येऊन "तुझ्या पावलांची चाहूल लागली की माझे प्राण दारात येऊन उभे राहतात" असं म्हणायचा. मला हसू आवरायचं नाही. ज्या माणसाचे प्राण आजवर फक्त वर्तमानपत्र उशिरा आलं की दारात उभे राहिले, त्याच्या तोंडी हे वाक्य! मी मुलीला पुण्याला फोन करून तिलाही ऐकवलं. मग एक दिवस घरातलं पाठांतर अचानक बंद झालं. केसांना कलप लागला. सहाची तालीम, पण हा चारलाच बाहेर पडू लागला. विचारलं तर म्हणे, "जरा काम आहे." निवृत्त माणसाला कसलं आलंय काम?

त्यात नाटकातली विधवा देवळाली कॅम्पात राहायची. मी तिला एकदाच पाहिलं होतं. उंच, हसरी, आवाज असा की कुकरची शिट्टीसुद्धा तिच्यापुढे दबकून वाजेल. मला ती आवडली होती, म्हणून तर जास्त राग आला.

आमचा दूधवाला भगूरकडून येतो, कॅम्पावरूनच. एका सकाळी त्याने पातेल्यात दूध ओतता ओतता सहज विचारलं, "काकू, काकांचं कॅम्पात काय काम हाय का? स्टेशनाजवळच्या टपरीपाशी लय दिसतात."

"एकटेच असतात?" मी आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"कोणाशी तरी बोलत व्हते. मी गाडीवर व्हतो, नीट दिसलं नाय."

दूध उतू गेलं ते मला वास आल्यावर कळलं.

त्याच दुपारी मी स्कार्फ बांधला. मुलीने नोकरीसाठी पुण्याला जाताना तो खुंटीवर ठेवला होता आणि तिची स्कूटरही खाली झाकून उभी होती. गॉगल, मोजे, सगळं चढवून आरशात पाहिलं, तर मीच मला ओळखेना. बरं वाटलं. नवरा फाटकाबाहेर पडल्यावर थोडं अंतर ठेवून मी निघाले. तो गंगापूर रोडकडे वळला नाही, सरळ नाशिकरोडच्या रस्त्याला लागला. आता पुरावाच हवा होता, म्हणून मी अंतर कमी केलं.

उपनगरच्या सिग्नलला आपल्याकडच्या रीतीप्रमाणे सगळे दुचाकीवाले पांढऱ्या पट्ट्याच्या बरेच अलीकडे, झाडाच्या सावलीत थांबले होते. मला जागा मिळाली नाही, मी उन्हात. नवऱ्याने मागे पाहिलं. मग चक्क पाय टेकवत आपली गाडी बाजूला घेतली, स्वतः उन्हात गेला आणि म्हणाला, "या मॅडम, इकडे सावलीत या."

मी मान हलवली आणि सावलीत गेले. स्कार्फच्या आत माझे कान तापले होते. कोण कुठली अनोळखी बाई, तिच्यासाठी हा उन्हात उभा! मला कधी म्हणाला होता, सावलीत ये? मला त्या स्कार्फवाल्या बाईचा इतका मत्सर वाटला की ती मीच आहे हे क्षणभर विसरायला झालं.

पुढे तो फार सावकाश चालवत होता. विहितगावला वळताना इंडिकेटरही दिला, जो त्याने उभ्या आयुष्यात दिलेला नाही. प्रेमात माणूस सुधारतो म्हणतात ते हेच असावं, असं मनात आलं. सरळ माघारी फिरावं, काही बघूच नये, असंही वाटलं. संसार मोडायचा असेल तर तो आपल्या डोळ्यांदेखत तरी मोडू नये. पण हात वळले नाहीत.

कॅम्पात स्टेशनजवळच्या टपरीपाशी तो थांबला. मी रस्त्याच्या पलीकडे एका दुकानासमोर फोन बघत असल्याचं सोंग घेतलं. त्याने चहा घेतला. दोन. दोन कप घेऊन झाडाखालच्या बाकावर बसला, एक हातात धरला, दुसरा शेजारी ठेवला. मी रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहत राहिले, आता येईल, आता येईल. कुणी आलं नाही. नवरा मात्र शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून ओठ हलवू लागला. अडखळला, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

मग त्याने मान वर केली आणि तालमीत कमावलेल्या आवाजात रस्त्यापलीकडे ओरडला, "मॅडम, चहा गार होतोय!"

टपरीवरची सगळी माणसं माझ्याकडे बघू लागली. पळून जाणंही आता शोभलं नसतं. मी रस्ता ओलांडला आणि बाकावर जाऊन बसले.

"इथे काय करता तुम्ही रोज?" मी स्कार्फमधूनच विचारलं.

"पाठांतर. घरी तू हसतेस. मग हॉलवर वाक्य आठवत नाही, तुझं हसणंच आठवतं. इथे ओळखीचं कुणी नसतं."

"आणि ती कॅम्पातली?"

"ती तालमीला पण उशिरा येते. इथे कशाला येईल?"

हे खरं वाटलं, तरी मी एवढ्यात सोडणार नव्हते. "मला ओळखलंत कसं?"

"अगं, आरशात आपल्या मुलीची गाडी दिसत होती. मुलगी पुण्यात. मग वर कोण असणार?"

एवढं नखशिखान्त गुंडाळून घेतलं आणि गाडी घरची घेऊन आले! मला स्वतःचीच इतकी चीड आली की मी ती त्याच्यावर काढली. "मग सिग्नललाच का नाही बोललात? इथवर कशाला आणलंत मला?"

"मी कुठे आणलं?" तो चहाकडे बघत म्हणाला. "इतक्या वर्षांत मी कुठे जातो ते बघायला तू पहिल्यांदाच निघालीस. म्हटलं, थांबवू नये."

मी स्कार्फ सोडला आणि गार झालेला चहा उचलला.