दोन वल्ह्यांची अफवा

सत्तरीला टेकलेल्या नवऱ्याला व्हिडिओ गेमचं वेड लागलं म्हणून देवापुढे साखर ठेवणारी बायको झाशीत मी एकटीच असेन. इतर बायका नातवंडांच्या हातातून ते यंत्र हिसकावून घेतात. मी रोज सकाळी ते चार्ज करून, पदराने पुसून यांच्या मांडीवर ठेवत असे. कारण त्याआधीचे दिवस मी पाहिले होते.

आमचे हे रेल्वेत स्टेशन मास्तर होते. निवृत्तीनंतर एका थंडीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणंही बऱ्यापैकी परत आलं, उजवा हात मात्र गेला तो गेलाच. सही गेली, शर्टाची बटणं लावणं गेलं, आणि हळूहळू माणूसही जायला लागला. खिडकीशी बसून राहायचे. कुणी भेटायला आलं की झोपेचं सोंग घ्यायचे. डॉक्टर म्हणाले, यांचं मन रमवा. सांगायला काय जातं? मी पत्ते मांडून पाहिले, जुने सहकारी बोलावून पाहिले, एकदा तर भांडणही उकरून काढलं. भांडणालासुद्धा ते उठले नाहीत, तेव्हा मी खरी घाबरले.

मुलगा बंगळुरूला असतो. दिवाळीला आला तेव्हा आपलं जुनं गेमचं यंत्र ठेवून गेला. त्याचा कंट्रोलर दोन भागांत सुटतो, एक भाग डाव्या हातासाठी, एक उजव्या. आणि त्यात एक होडीचा खेळ होता, त्याला एका हाताने खेळायची सोय होती. नदीतून होडी न्यायची, काठावरच्या गावांत टपाल पोचवायचं, वेळ मिळाला तर मासे धरायचे. बापाला पोरखेळ देऊन समजूत काढतोस का, म्हणून मी मुलाला चांगलं झापलं. पुढे काही दिवसांनी मी स्वयंपाकघरात असताना बाहेरून यांचा आवाज आला. टपाल उशिरा पोचवल्याबद्दल हे त्या होडीला खडसावत होते. तसा आवाज मी फार दिवसांत ऐकला नव्हता. त्याच दिवशी साखर ठेवली.

मग मुलानेच यांना फोनवरच्या एका ग्रुपमध्ये घातलं. झाशी आणि आसपासचे, त्याच कंपनीच्या यंत्रावर खेळणारे लोक त्यात होते. तिथे खेळापेक्षा अंदाजांचीच चर्चा जास्त. कंपनी पुढे कोणता खेळ काढणार, कधी काढणार, कुठल्या जुन्या खेळाचा दुसरा भाग येणार. कंपनी तोंड मिटून बसलेली असायची आणि हे लोक तिच्या वतीने अखंड बोलायचे. कंपनीने इंटरनेटवरच्या आपल्या पानाचा रंग बदलला की याचा अर्थ समुद्राचा खेळ येतोय. परदेशातल्या कुठल्याशा दुकानाने चुकून एक चित्र टाकलं आणि तासाभरात काढलं, म्हणजे तर झालंच. आमच्या माहेरी पत्रिका बघणारे लोक होते, पण इतक्या थोड्या आधारावर इतकं ठाम भाकीत त्यांनीही कधी केलं नाही.

मऊरानीपूरचे एक धान्याचे व्यापारी यात सगळ्यांत पुढे. सकाळी बाजारभाव यावा तशी त्यांची नवी बातमी यायची. दुसरी एक बबीना छावणीतली, फौजीची बायको; मी तिला बबीन्याचीच म्हणते. नवरा सीमेवर, ही घरचं आवरून खेळायची आणि सगळ्या बातम्या इंग्रजीतून वाचून हिंदीत सांगायची. हे दोघे ग्रुपचे खांबच म्हणायचे.

यांनी तिथे आपली रेल्वे नेली. दोन स्टेशन मास्तर फोनवर गाडीबद्दल बोलतात तेव्हा निरोप पक्का असल्याची खूण म्हणून एकमेकांना एक आकडा देतात. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. तो मिळाला नाही तर समोरचा कितीही शपथा घेऊन सांगो, गाडी सोडायची नाही. तर ग्रुपमध्ये कुणी बातमी टाकली की हे डाव्या अंगठ्याने दोनच शब्द लिहायचे, ‘प्राइवेट नंबर?’ लोकांना ते इतकं आवडलं की सगळेच एकमेकांना तसं विचारायला लागले. यांना मास्टर साहब म्हणायला लागले. हा माणूस मोजकं लिहितो म्हणजे मोठा विचारी असणार, अशी सगळ्यांची समजूत. एका अंगठ्याने याहून जास्त लिहिता येत नाही हे फक्त मला ठाऊक होतं. हाताबद्दल यांनी तिथे अवाक्षर काढलं नव्हतं. तिथे ते धडधाकट होते आणि त्यांना तसंच राहायचं होतं.

होडीचा खेळ यांनी पुरा केला. परत पहिल्यापासून केला. आणि मग व्यापाऱ्यांची बातमी आली की होडीचा दुसरा भाग येतोय. ग्रुपमध्ये दिवाळी. दुपारपर्यंत पुढची बातमी आली की या वेळी होडी बटणांनी चालायची नाही, कंट्रोलरचे दोन भाग दोन हातांत धरून खरोखरीची वल्ही मारावी लागणार. लोक आणखीच खूश. मी पोळ्या वाढायला गेले तर हे फोन उपडा ठेवून बसले होते.

“दोन्ही हातांचं आहे म्हणे,” एवढंच म्हणाले.

प्रायव्हेट नंबर विचारलात का, असं मी मुद्दाम चिडवलं. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी यंत्र मांडीवर ठेवलं तर म्हणाले, राहू दे. तिसऱ्या दिवशी पुन्हा खिडकी. मला त्या व्यापाऱ्याचा असा राग आला की मऊरानीपूरची बस धरून त्याच्या आडतीवर जावं आणि चार शब्द सुनवावेत. बिचाऱ्याचा काय दोष? पण रागाला एवढं कुठे कळतं.

कंपनीचा मोठा कार्यक्रम जवळ आला. पुढचे खेळ ती त्यात जाहीर करते, इथे तो संध्याकाळच्या सुमाराला दिसतो. बबीन्याचीने ग्रुपवर विचारलं की झाशीत कुणाच्या घरी एकत्र बसून बघायचं का. यांनी वाचून फोन खाली ठेवला. मी तो उचलला आणि यांच्या नावाने लिहून टाकलं, ‘हमारे यहाँ आइए.’ नवराबायकोत अबोला धरायला ते पुरेसं होतं आणि यांनी तो धरलाही. पण मला दुसरं सुचत नव्हतं. घरात पुन्हा माणूस नसल्यासारखं व्हायला लागलं होतं आणि कुणीतरी आत यायला हवं होतं.

दोघंच आले. ती बबीन्याची, तिशीची, मोकळी. आणि व्यापारी, पन्नाशीचे, भुईमुगाच्या शेंगांची भली मोठी पिशवी घेऊन. हे आधीच खुर्चीत बसून राहिले होते आणि उजव्या हातावरून शाल ओढून घेतली होती. उठले नाहीत, नमस्कारही मानेनेच केला. वयस्कर माणूस म्हणून कुणाला काही वाटलं नाही. मी इलाइट चौकातून आणलेली कचोरी दिली आणि मागे वेताच्या बुटक्या मोड्यावर बसले.

कार्यक्रम सुरू झाला. तलवारी आल्या, मोटारी आल्या, मोठ्या डोळ्यांची भुतं आली. दर चित्राला व्यापारी पुढे सरकून म्हणायचे की आता होडीच. होडी आली नाही. शेवटी गाणं वाजलं आणि पडदा काळा झाला.

यांनी मोठा श्वास सोडला. “टाइम टेबल में नाम नहीं, मतलब गाड़ी नहीं,” असं त्या दोघांना सांगितलं आणि मग माझ्याकडे वळून मराठीत, अगदी शांतपणे म्हणाले, “ते यंत्र खोक्यात भर. मुलाला परत पाठवू.”

उभी हयात रेल्वेत गेली की माणूस असाच विचार करतो. छापील वेळापत्रकात जे नाही ते जगात नाही. आणि मला त्यांचा चेहरा वाचता येत होता. आपल्याला खेळता न येणारी होडी येण्यापेक्षा ती न आलेली बरी, असं त्यांना वाटत होतं. सुटल्यासारखे दिसत होते ते, आणि तेच मला बघवत नव्हतं.

बबीन्याची मात्र हसली. म्हणाली, अंकल जी, ही कंपनी तुमची रेल्वे थोडीच आहे. छोटे खेळ ती कार्यक्रमात दाखवतच नाही, नंतर गुपचूप आपल्या पानावर टाकते. तिने फोनवर शोधायला घेतलं आणि मिनिटभरात फोन सगळ्यांसमोर धरला. नदी, तीच होडी, आणि होडीत दोन वल्ही. पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर.

व्यापाऱ्यांनी टाळी वाजवली. आपली बातमी खरी ठरल्याचा त्यांना कोण आनंद. टेबलावरचे कंट्रोलरचे दोन्ही भाग उचलून यांच्यापुढे धरत ते म्हणाले, “लीजिए मास्टर साहब, अभी से चप्पू चलाने की प्रैक्टिस कीजिए.”

यांनी डावा हात पुढे केला आणि एक भाग घेतला. दुसरा तसाच व्यापाऱ्यांच्या हातात राहिला. मला वाटलं उठावं, चहाचं विचारावं, काहीतरी करावं. पण यांनी डाव्या हाताने शाल बाजूला केली. उजवा हात मांडीवर पडला होता, बोटं वळलेली.

“मेरा दाहिना हाथ नहीं चलता,” ते म्हणाले. “एक हाथ से चलेगा क्या, यह देखो ज़रा.”

व्यापारी तो दुसरा भाग तसाच धरून उभे राहिले. बबीन्याचीने यांच्याकडे एकदा पाहिलं आणि ती फोनवर खाली खाली वाचत गेली. ते पान संपता संपेना. इतका वेळ मी देवाला कधी वेठीला धरलं नव्हतं. साखर, नारळ, उपास, जे सुचेल ते बोलून टाकलं.

“है,” ती म्हणाली. “लिखा है. चप्पू की जगह बटन भी रख सकते हैं, और एक हाथ का इंतज़ाम पहले जैसा रहेगा.”

यांनी तिला पुन्हा वाचायला लावलं. मग तिचे शब्द स्वतः म्हणून दाखवले, आणि बरोबर आहे का ते विचारलं. रेल्वेत निरोप असाच घ्यायचा असतो. ती बरोबर म्हणाली तेव्हा कुठे यांनी खुर्चीला पाठ टेकली. व्यापाऱ्यांनी डोळे पुसले आणि शेंगा सोलून यांच्या बशीत टाकायला सुरुवात केली, थांबेचनात. बबीन्याची मला हळूच म्हणाली की अंकल जी नेहमी दोनच शब्द का लिहितात ते आज कळलं. जाताना व्यापाऱ्यांनी दोन्ही हातांनी यांचा डावा हात धरला.

त्यांना फाटकापर्यंत सोडून मी आत आले. कचोरीच्या बशा उचलत होते. पाठीमागून हे म्हणाले, “मला वाटलं होतं, आता नवीन जे काही निघेल ते माझ्यासाठी नसणार.”

मी बशा खाली ठेवल्या. झटका आल्यापासून मी त्यांच्यासमोर एकदाही रडले नव्हते. दळण आणताना वाटेत, नाहीतर अंघोळीच्या वेळी नळ सोडून रडून घ्यायचे. त्या संध्याकाळी मोड्यावर बसून लहान मुलासारखी रडले, आणि इतकं हलकं वाटलं की थांबवावंसंही वाटेना. हे खुर्चीतून उठले, आपले आपण, आणि डाव्या हाताने माझी पाठ थोपटत उभे राहिले.

“अगं, रडतेस काय,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षी यायचा आहे खेळ. तोवर आपण आहोत ना?”

“आहोत,” मी म्हणाले, आणि नाक पुसून कणीक मळायला उठले.