खिडकीबाहेरची सहल

मुलांनो, ग्लेन वेव्हर्ली या उपनगरात आमच्या शेजारी पुण्याचा एक इंजिनिअर राहतो. पूर्वी तो नोकरीसाठी जर्मनीत होता आणि शनिवार-रविवारी बायकोला घेऊन युरोपभर स्वस्तात फिरायचा. हॉटेल म्हणजे उधळपट्टी, असं त्याचं ठाम मत. "काकू, रात्रीच्या बसने जायचं. झोपही होते आणि गावही येतं," असं तो मला कुंपणावरून शिकवायचा. त्याचं बोलणं कधी संपत नसे.

लॉकडाऊनमध्ये आम्ही सगळेच थकलो होतो, पण त्याची बायको सर्वांत जास्त. ती वृद्धाश्रमात नर्स. तिथे कोविड शिरल्यापासून ती परसातल्या खोलीत वेगळी राहत होती आणि तिची झोप पार उडाली होती. दुपारी ती शिफ्टवरून आली की हा तिच्या खिडकीबाहेर थोड्या अंतरावर खुर्ची टाकून पुढच्या सहलीचा बेत सांगत बसे.

एकदा मी कपडे वाळत घालत होते.

"प्रागला उतरलो की लगेच किल्ला," तो म्हणाला.

"माझ्याच्याने चढवणार नाही रे," ती आतून म्हणाली. "आणि बस तर नकोच. तुझ्या एकाही बसमध्ये मला झोप लागलेली नाही."

"कधी बोलली नाहीस."

"तू बोलू दिलंस का?"

तो खुर्चीत मागे टेकला. मग म्हणाला, "किल्ला राहू दे. हॉटेल घेऊ. मऊ गाद्या, जाड पडदे. दोन दिवस काहीच बघायचं नाही."

"खरंच?"

"नाश्तासुद्धा खोलीतच मागवू."

आतून उत्तराऐवजी हलकं घोरणं ऐकू आलं. मी त्याला हाक मारणार, तेवढ्यात त्याने ओठांवर बोट ठेवलं.